एकांडा शिलेदार: थरारकादंबरीतला एकटा नायक वाचकाला का धरून ठेवतो?

गारगोटी
थरारकादंबऱ्यांवरच्या मागच्या धाग्यात चर्चा वाट सोडून एकट्या नायकांकडे वळली होती, म्हणून हा वेगळा धागा. कुटुंब नाही, पलटण नाही, पाठीशी सरकार नाही, आणि तरी पुरून उरणारा माणूस. हा साचा पाश्चात्त्य थरारकादंबरीत शंभरेक वर्षं चालत आलाय आणि अजून खपतोय. त्याच्या अंगातल्या बळामुळे तो आवडतो असं बहुतेक जण म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. बळ वाचायला दोन पानं पुरतात. पुढची साडेतीनशे पानं वाचक धरून राहतो ते त्याच्या हिशेबासाठी. समोर काय आहे, हातात काय आहे, वेळ किती आहे, ही मांडणी आपल्यादेखत होते आणि मगच हात उचलला जातो.

उदाहरण सगळ्यांना ठाऊक असलेलं घेतो, ली चाइल्डच्या कादंबऱ्यांतला भटका नायक जॅक रीचर. उंची 6 फूट 5 इंच, वजन 250 पौंडांच्या आसपास, म्हणजे 113 किलो. एवढ्या देहाच्या माणसाची मारामारी खरं तर कंटाळवाणी व्हायला हवी, कारण निकाल माहीतच असतो. ती होत नाही, कारण लेखक आधी मोजणी दाखवतो. पाच जण घेरून उभे आहेत. त्यातला एक म्होरक्या, तो बोलतोय. त्याच्या दोन बाजूंना दोन हौशी, त्यांना मारामारी हवीच आहे. मागचे दोघे संख्या भरायला आलेत, पहिला पडला की ते एकमेकांकडे बघणार. म्हणजे लढाई पाचाशी नाही, तिघांशी आहे. त्या तिघांतला पहिला वाक्याच्या मध्यावर असताना गाठायचा, कारण बोलणाऱ्या माणसाचं शरीर तयार नसतं. ही मोजणी दीड पान चालते आणि प्रत्यक्ष प्रकार चार सेकंदांत आटोपतो. वेगवान गोष्ट सावकाश लिहायची आणि संथ गोष्ट झरझर, ही त्या लेखकाची रीत आहे.

अशा प्रसंगाचे सुटे भाग मला चार दिसतात. जागा पावलांत मोजलेली हवी. हाताशी असलेली वस्तू आधीच्या पानावर येऊन गेलेली हवी. कोणाला आधी, कोणाला नंतर, हा क्रम हवा. आणि एक अंदाज चुकलेला हवा. चौथा भाग बहुतेक नकलाकार गाळतात आणि तिथेच त्यांचा नायक यंत्र होतो. मागच्या दोघांतला एक पळालाच नाही, उलट त्याच्याकडेच चाकू निघाला, एवढं पुरतं.

कंदील
पूर्ण सहमत. हिशेबाचा सर्वांत शुद्ध नमुना म्हणजे फ्रेडरिक फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल', 1971 ची. जॅकल नायक नव्हे, फ्रान्सचा अध्यक्ष द गॉल याला मारायला निघालेला भाडोत्री मारेकरी आहे. पण यंत्रणा तीच. द गॉल 1970 च्या नोव्हेंबरात आपल्या घरी वारला, हे पुस्तक हातात घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. शेवट फुटलेला असताना लोकांनी रात्र रात्र जागून ते वाचलं.

आर्देनच्या जंगलातला प्रसंग आठवा. खरबूज जाळीत घालून झाडाला टांगलंय. गोळी झाडायची, चालत जायचं, भोक कुठे पडलंय बघायचं, परत यायचं, दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा झाडायची. किती कंटाळवाणं काम! तीच तीच पायपीट लेखक न चुकवता देतो. सगळं जुळल्यावर शेवटची, वेगळी गोळी भरली जाते आणि खरबुजाच्या चिंधड्या होतात. तिथे माणसाचं नावही येत नाही, पण पॅरिसमध्ये काय होऊ घातलंय ते वाचकाला पोटात कळतं. आधीचा कंटाळा गाळला असता तर ही भीती आलीच नसती.

आणि त्याच्या मागावरचा कमिसेर लबेल पाहा. बुटका, घरी बायकोच्या धाकात असलेला. त्याच्या दिमतीला अख्ख्या फ्रान्सचं पोलीसदल आहे, तरी तोही एकटाच, कारण चूक झाली तर मान त्याचीच जाणार. दोन एकटी माणसं एकमेकांचा विचार करताहेत, हा त्या पुस्तकाचा कणा आहे.

नाडीपरीक्षा
मारामारी लिहिणाऱ्यांकडून वैद्यकीय बाबतीत ज्या चुका होतात त्या एकदा नीट मांडते. शरीर खोटं लागलं की सगळा हिशेबच खोटा पडतो.

मूठ वळून कवटीवर ठोसा: करंगळीच्या मागचं तळहातातलं हाड टोकाजवळच्या अरुंद भागात मोडतं. मुष्टियोद्ध्यांच्या नावानेच तो अस्थिभंग ओळखला जातो. तीन ते सहा आठवडे हात बांधून ठेवायचा. म्हणजे तिसऱ्या प्रकरणात जबड्यावर ठोसा मारणाऱ्या नायकाला पाचव्या प्रकरणात पिस्तुलाचा चाप ओढताना घाम फुटला पाहिजे. जाणता लेखक म्हणूनच कोपर, कपाळ, टाच वापरतो. कोपराचं हाड जाड आणि पल्ला कमी, त्यामुळे आधी जवळ जावं लागतं, आणि जवळ जाणं हाच प्रसंगाचा ताण होतो.

डोक्यात फटका मारून पहारेकऱ्याला तासभर झोपवणं: मेंदूला धक्का बसून येणारी बेशुद्धी बहुधा काही सेकंदांची असते, फार तर मिनिटांची. अर्ध्या तासाच्या वर गेली तर ती सौम्य इजा राहत नाही, त्या माणसाला शस्त्रक्रिया लागू शकते. नायकाने 'फक्त बेशुद्ध केलं' असं लिहून पुढे जाता येत नाही. क्लोरोफॉर्मचा रुमालही तसाच. दोन श्वासांत कोणी कोसळत नाही, पाचेक मिनिटं तोंडावर धरून ठेवावा लागतो.

मोडलेली बरगडी: सहा आठवडे. धावता येतं, पण खोल श्वास घेता येत नाही, शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. हसतासुद्धा येत नाही. या एका दुखण्यावर अख्खी कादंबरी तोलता येते.

सायलेन्सर: 9 मिमी पिस्तुलाचा आवाज 160 डेसिबलच्या आसपास. नळीला तो डबा लावला तरी सव्वाशेच्या वर राहतो. शेजारच्या खोलीत झोपलेला माणूस जागा होतो.

आणि अंतर. सॉल्ट लेक सिटीच्या पोलीसदलातल्या डेनिस ट्युलरने 1983 मध्ये मांडलं की चाकू घेतलेला माणूस 21 फूट, म्हणजे साडेसहा मीटरच्या आत-बाहेर, दीड सेकंदात पार करतो. कमरेचं पिस्तूल काढून नेम धरायला साधारण तेवढाच वेळ लागतो. खोली बारा फुटांची असेल तर बंदूकवाला वरचढ नाही. हे ध्यानात ठेवून खोली मापली की प्रसंग आपोआप बदलतो.

तिफण
उत्तम प्रतिसाद. एक प्रश्न. मराठीत रहस्यकथांचा एवढा सुकाळ होता, बाबूराव अर्नाळकरांनी एकट्याने हजारावर लिहिल्या. मग पूर्ण एकटा, मुळं नसलेला नायक आपल्याकडे का रुजला नाही?

रातराणी
आपल्या नायकांना टोळी किंवा व्यवसाय होता म्हणून. सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास बॅरिस्टर आहे, म्हणजे त्याच्याकडे अशील चालत येतं. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप नावातच हुद्दा घेऊन येतो. वाचनालयातून दिवसाच्या भाड्यावर नेलेलं पुस्तक दीडशे पानांच्या आत संपवायचं असे. नायक कोण, कुठला, हे दरवेळी नव्याने सांगायला जागा कुठली? ओळखीचं पात्रमंडळ असलं की पहिल्याच पानावर प्रेत पाडता येतं.

पण मोठं कारण मला समाजाच्या घडणीत दिसतं. अमेरिकेतला एकटा रस्त्यावर उभा आहे. गाव-गावात दोन-दोनशे मैलांचं अंतर, लांब पल्ल्याची बस, मोटेल, रोख पैसे, आणि 'मला एकटं सोडा' म्हणणाऱ्याला एकटं सोडण्याची रीत. आपल्याकडे अनोळखी माणूस चहाच्या टपरीवर बसला की दुसऱ्या घोटाला प्रश्न येतो, 'पाव्हणं, कुठलं म्हणायचं?' गाव सांगितलं की आडनाव, आडनाव सांगितलं की 'मग आमच्या मेव्हण्याच्या भावकीतले का?' तीन मिनिटांत निनावीपण संपतं. ही अडचण टाळू नये, तीच वापरावी. मराठी एकट्याने पहिली लढाई त्या टपरीवर लढली पाहिजे. त्याच्याकडे पुरेशी खरी, तपासता न येणारी, लांबच्या तालुक्यातली ओळख तयार हवी, आणि ती तपासू शकणारा एक म्हातारा नेमका त्याच बाकावर बसलेला हवा.

कंदील
@रातराणी, बाकावरचा म्हातारा फारच आवडला. त्यात एक भर घालतो. हे अमेरिकी एकटेपणही विशिष्ट काळातलं आहे. रीचर लष्करी पोलिसांतला मेजर, शीतयुद्ध संपल्यावर सैन्य आटलं तेव्हा बाहेर पडलेला. आणि चाइल्ड स्वतः मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनमधून 1995 मध्ये नोकरकपातीत बाहेर पडला, वयाच्या चाळिशीत. कागद-पेन्सिली आणून लिहायला बसला आणि 1997 मध्ये 'किलिंग फ्लोअर' आली. जिथे आयुष्य घातलं त्या संस्थेला आपली गरज उरलेली नाही, पण अंगातलं कसब मात्र शाबूत आहे. हे दुःख जगभरच्या चाळिशीतल्या वाचकाला कळतं. नायकाच्या खिशात घडीचा टूथब्रश आहे आणि घराची किल्ली नाही. ही चित्रातली सजावट नव्हे, त्या माणसाने काय मोजलंय त्याची ती पावती आहे.

गारगोटी
अगदी. किंमत दिसली नाही तर एकटेपण नुसती ऐट होते.

सोळाआणे
('किलिंग फ्लोअर' वाचली नसेल तर हा प्रतिसाद वगळा, रहस्यभेद आहे.)

परक्या कथानकाची कलमं इकडे लावणाऱ्यांसाठी एक धडा. त्या कादंबरीतला गुन्हा असा: खोट्या नोटांना खरा कागद मिळत नाही, म्हणून एक डॉलरच्या खऱ्या नोटा धुऊन कोऱ्या करायच्या आणि त्यावर शंभराची नोट छापायची. अमेरिकी नोटेचा कागद 75 टक्के कापूस आणि 25 टक्के लिनन, म्हणजे जवसाचा धागा, त्यामुळे तो धुलाईत टिकतो. आणि तिथे एकपासून शंभरपर्यंत सगळ्या नोटा एकाच मापाच्या, 156 बाय 66 मिलिमीटर.

आता हे भारतात आणा. शंभराची नोट 142 मिलिमीटर लांब, पाचशेची 150. रुंदी सारखी, 66. धुतलेल्या शंभरावर पाचशे छापली तर ती आठ मिलिमीटर आखूड. बँकेतल्या मोजणीयंत्राचं सोडा, किराणा दुकानदार गड्डी हातावर आपटून सारखी करतो तेव्हाच ती आत बुडालेली दिसेल. म्हणजे कथानक तिथल्या तिथे मेलं. पण प्रसंग म्हणून सोनं हाती लागलं! कोणीतरी गड्डी ओट्यावर आपटते, एक नोट आत जाते, ती नखाने बाहेर ओढते आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघते.

खुद्द अमेरिकेतही 1996 च्या मालिकेपासून शंभराच्या नोटेत जलचिन्ह आलं, एकच्या नोटेत ते नाही. त्यामुळे धुतलेल्या कागदावरची नवी नोट उजेडासमोर धरली की उघडी पडते. गुन्ह्याला तारीख असते, ती लेखकाने सांभाळावी लागते.

तिफण
वा. मग आजच्या महाराष्ट्रात असा माणूस फिरवायचा झाला तर व्यवहारात काय काय आड येईल?

सोळाआणे
जवळजवळ सगळं. लॉजवर ओळखपत्राची झेरॉक्स आणि रजिस्टरात सही. सिमकार्डाला केवायसी. यूपीआयने घेतलेल्या चहाचीसुद्धा नोंद. चारचाकीला फास्टॅग, म्हणजे प्रत्येक टोलनाक्यावर वेळेसकट हजेरी. रेल्वेचं आरक्षण नावावर.

उरतं काय? एसटी. रोख पैसे, नाव नाही, गाव नाही. रेल्वेचा बिनआरक्षित डबा. देवस्थानांच्या भक्तनिवासांतही आता आधार मागतात, पण आषाढीत वारीच्या वाटेवर लाखो माणसं मंडपात, शाळेत, ओसरीवर झोपतात आणि तिथे कोणी विचारत नाही. दिंडीत मात्र विचारतात, कारण दिंडीत माणसं मोजलेली असतात. एकट्याने दिंडीच्या बाहेर, दोन दिंड्यांच्या मधे चालावं.

शस्त्राचं म्हणाल तर 9 मिमी पिस्तूल आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये येतं, खासगी परवान्यावर मिळत नाही. परवान्यावर .32 चं रिव्हॉल्व्हर मिळतं, कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनतं. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका. शिवाय परवाना म्हणजे पत्ता, पत्ता म्हणजे एकटेपण संपलं. म्हणून मराठी एकट्याने निःशस्त्र असावं असं माझं ठाम मत आहे. कोयता, पहार, ट्रकची टॉमी, बैलगाडीची शिवळ ही शेतातली आणि रस्त्यावरची वस्तू त्याला हाताशी मिळते आणि वाचकालाही तिचं वजन माहीत असतं.

कायदाही सोडू नये. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये आहे, 1 जुलै 2024 पासून. गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा त्यात नाही. म्हणजे पाचातले तिघे पडल्यावर पळणाऱ्या चौथ्याच्या पाठीत घातलेला घाव नायकाला आरोपी करतो. हे त्याला माहीत असावं आणि त्याने स्वतःला तिथे थांबवावं. हात आवरणारा माणूस वाचकाला जास्त धोकादायक वाटतो.

सांजवात
सगळी चर्चा पुरुष गृहीत धरून चाललीय. एकटी बाई नायिका असेल तर यंत्रणा मुळापासून बदलते. निनावी असणं म्हणजे कोणाच्या लक्षात न येणं, आणि लॉजच्या काउंटरवर रात्री दहाला एकटी उभी असलेली बाई सगळ्यांच्या लक्षात राहते. तिला लपायला गर्दीतली भूमिका लागते. परिचारिकेचा पांढरा कोट, आशाताईंची वही, भाजीची पाटी, लग्नाच्या वऱ्हाडातली कोणाची तरी मावशी. वऱ्हाडात दोन्ही बाजूंना वाटतं ही समोरच्यांकडची आहे.

मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तिचा प्रवास पुरुषापेक्षा सोपा आणि स्वस्त. अंगबळाचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो. 55 किलोच्या बाईने 90 किलोच्या माणसाला ठोशाने लोळवलं की पुस्तक मिटावंसं वाटतं. जिना, ओली फरशी, उकळतं तेल, बंद होणारं दार ही तिची शस्त्रं. आणि तिने दोन पावलं आधी ओळखलं पाहिजे, कारण दुसरी संधी तिला मिळणार नाही. एवढं करून दाखवणारी कादंबरी पुरुषनायकाच्या कादंबरीपेक्षा जास्त श्वास रोखायला लावेल, याची मला खात्री आहे.

नाडीपरीक्षा
+1. उकळतं तेल लिहाल तर भाजल्याचा वास आणि आवाजही लिहा. तिलाही तो विसरता येऊ नये.

गारगोटी
@सांजवात, वऱ्हाडाची युक्ती कोणीतरी लिहायलाच हवी.

मालिका लांबली की काय बिघडतं, हा मुद्दा राहिलाय. खलनायक फुगतो. पहिल्या पुस्तकात गावचा सावकार, दहाव्यात जागतिक कट. नायक मात्र चालतच आलेला असतो, मग जागतिक कटाला तोंड द्यायला त्याला हेलिकॉप्टर, हॅकर मित्र, जुना वरिष्ठ अधिकारी पुरवावा लागतो आणि एकटेपण कागदावरच उरतं. दुसरा बिघाड, त्याला सगळंच येऊ लागतं. कसबाला कुंपण हवं. बंदुकीतलं सगळं कळतं पण गाडी धड चालवता येत नाही, असं काहीतरी.

याच्या उलट दिशेने जाणारं पुस्तक म्हणजे जेफ्री हाउसहोल्डची 1939 ची 'रोग मेल' (Rogue Male). नायकाला नावसुद्धा नाही. कसलेला शिकारी, एका हुकूमशहावर नेम धरतो आणि पकडला जातो. सुटल्यावर त्याचं जग पानागणिक आक्रसत जातं. देश, मग परगणा, मग डॉर्सेटमधली झाडोऱ्याने झाकलेली एक खोल पायवाट, मग तिच्या कडेला खणलेलं माणूसभर बीळ. त्या बिळात तो, आणि बाहेर शत्रू तोंड बुजवून बसलेला. सोबतीला आलेलं मांजर शत्रूने मारून आत ढकललेलं, आणि त्याच मांजराच्या कातड्यातून तो शेवटचं शस्त्र घडवतो. साधनं जितकी कमी तितका हिशेब बारीक, आणि तितका वाचक जवळ. खलनायक वाढवण्यापेक्षा नायकाची जागा कमी करत न्यावी.

तिफण
सगळ्यांचे आभार. टपरीवरचा प्रसंग लिहायला घेतलाय. माणूस एसटीतून उतरतो, चहा घेतो, म्हातारा विचारतो. शत्रूला त्याचा माग कशावरून लागावा? फोन त्याच्याकडे नाही.

रातराणी
तिकिटावरून. कंडक्टरच्या मशीनमधून निघालेल्या तिकिटावर कुठून कुठे, तारीख आणि वेळ छापलेली असते. त्याने म्हाताऱ्याला सांगितलंय, 'मी परभणीकडचा, कालच आलो.' तिकीट आहे साताऱ्याहून, आज सकाळी 6:10 चं. ते त्याने चुरगाळून फेकू नये. सुट्टे पैसे काढताना ते शर्टाच्या खिशातून अर्धं वर यावं. म्हाताऱ्याला चष्मा नाही, त्याला वाचता येत नाही. पण कप उचलायला आलेल्या पोराला येतं.